परडीतला शब्द

मला बघायला आले तेव्हा मामंजींनी मला चालून दाखवायला सांगितलं नाही, सुईत दोरा ओवायला लावला नाही, की भाकरी थापता येते का म्हणून विचारलं नाही. मढ गावातल्या आमच्या ओट्यावर घोंगडीवर बसले, पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "वाच." मी वाचत राहिले. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, केवढा मोठा माणूस! मुलीचं रूप बघत नाही, विद्या बघतोय. रूप त्यांना दिसतच नव्हतं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे आधीच गेले होते. माझ्या वडलांना ते माहीत होतं, मला मात्र साखरपुडा झाल्यावर सांगितलं. सासरा सून बघायला आला नव्हता, स्वतःसाठी डोळे निवडायला आला होता. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

स्वातंत्र्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. माझे वडील मढच्या प्राथमिक शाळेत मास्तर. मला त्यांनी घोडेगावला मावशीकडं ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवलं, तेव्हा गावात लोक म्हणायचे, मास्तर पोरीला कलेक्टर करणार बहुतेक. मला कलेक्टर बिलेक्टर काही व्हायचं नव्हतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, बस. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जायचं आणि शाळेवर लागायचं. लग्न ठरताना चार माणसांच्या बैठकीत मामंजींनी स्वतः शब्द दिला होता, की पोर थोडे दिवस जुन्नरला माझ्याजवळ राहील, मग पुण्यात नवऱ्याबरोबर बिऱ्हाड करील आणि जूनला कॉलेजात नाव घालील. नवरा पुण्यात सरकारी कचेरीत कारकून होता, मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. सगळं कसं छान जुळत होतं.

मामंजी पुण्यात कॉलेजात संस्कृत शिकवायचे. जर्मन पंडितांनी संस्कृतावर लिहिलेलं वाचायला म्हणून ते जर्मन शिकले आणि त्या भाषेतच रमले. तिथून तिच्या बहिणींकडं वळले. डोळे गेल्यावर पुस्तकांच्या पेट्या घेऊन जुन्नरला बाजाराजवळच्या भाड्याच्या घरात येऊन राहिले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. घरात ते आणि मी, आणि त्या पेट्या.

स्वयंपाक आवरला की आमचं काम सुरू व्हायचं. इंग्रजी, डच, जर्मन, स्वीडिश या एका आईच्या लेकी. त्यांच्यात असे कितीतरी छोटे शब्द आहेत की दिसायला एकसारखे, पण अर्थ बघावा तर एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. असे शब्द गोळा करायचे, कोणाचं मूळ कुठलं ते शोधायचं आणि चिठ्ठ्यांवर उतरवायचं. कागद शेजारचे कागदवाले चाचा कापून द्यायचे. जर्मन पुस्तकांतलं जुनं छापील अक्षर म्हणजे बाभळीचं काटेरी कुंपण. मामंजींनी मला ते पाटीवर बोट फिरवून शिकवलं. मी एकेक अक्षर पोपटासारखी म्हणायची, ते शब्द जुळवायचे आणि अर्थ सांगायचे.

"सूनबाई, शब्दसुद्धा लेकींसारखे," ते म्हणायचे. "जन्म एका घरी. मग एक दिली हॉलंडला, एक दिली जर्मनीला. जिथं दिली तिथली झाली. पुढं भेटल्या तर ओळखतील का एकमेकींना?"

सुरुवातीला मला खरंच मजा यायची, खोटं कशाला बोलू? इंग्रजीत हेल म्हणजे नरक, आणि जर्मनीत हेल म्हणजे लख्ख, उजेडाचं. इंग्रजीत रॅट म्हणजे उंदीर, आणि जर्मन लोक राट म्हणतात तो सल्ला. "म्हणजे जर्मनीत कुणाला सल्ला विचारला तर तो उंदीर सोडतो," मी म्हटलं, तर मामंजी खो खो हसले. असे शब्द चार-सहा दिवसांत मिटायचे.

मिटायचे म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण तिथंच माझा पाय अडकला. मामंजींचा एक नेम होता. ज्या शब्दाचं काम चालू असेल त्याच्या चिठ्ठ्या देवापुढं बांबूच्या परडीत ठेवायच्या. त्याला ते 'उघडा शब्द' म्हणायचे. निकाल लागला की चिठ्ठ्या दोऱ्यात बांधून पेटीत टाकायच्या, म्हणजे शब्द मिटला. आणि परडीत उघडा शब्द असेपर्यंत घरातल्या कोणीही प्रवासाला जायचं नाही. पूर्वी कधी ते शब्द अर्धा टाकून परगावी गेले होते, आणि परतले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. एवढा शिकलेला माणूस, पण त्या दिवसापासून हे डोक्यात बसलं ते बसलंच. मी कधी वाद घातला नाही. बायको गेलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

आणि मग परडीत 'मिस्ट' आला.

इंग्रजीत मिस्ट म्हणजे धुकं. डचांकडंही धुकंच. तिकडं दूर आइसलँडात मिस्टुर म्हणजे धूसर हवा. इथपर्यंत ठीक. पण जर्मनीत मिस्ट म्हणजे शेण, लीद, उकिरडा. जर्मन माणूस वैतागला की तोंडातून हाच शब्द काढतो. आणि स्वीडिश लोकांत मिस्टा म्हणजे गमावणं. हे गमावणं तिसऱ्याच घरचं, इंग्रजी 'मिस'च्या नात्यातलं, ते मामंजींनी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढलं. घोडं अडलं ते धुक्यावर आणि शेणावर. ही दोन एकाच मुळाची, की दोन वेगळी मुळं आणि पुढं चेहरा तेवढा सारखा झाला? संस्कृतात एका बाजूला मेघ आणि मिहिका, मिहिका म्हणजे धुकं. दुसऱ्या बाजूला मेहन म्हणजे लघवी, तोच आपल्या प्रमेहातला मेह. पाणी झिरपणं दोन्हीकडं आहे. एक पंडित म्हणे एकच, दुसरा म्हणे छे छे, मेघातला 'घ' आणि मेहातला 'ह' वेगळ्या घरचे. मामंजी सकाळी एका बाजूचे असायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या.

मला मनातल्या मनात हसू यायचं. मढला आषाढात धुकं घरात शिरतं, चुलीपुढं बसलेली आई दिसत नाही, आणि उठल्या उठल्या पहिलं काम गोठ्यातलं शेण काढायचं. माझं अख्खं माहेर त्या एका शब्दात बसलं होतं. आणि तोच शब्द मला माहेरी जाऊ देत नव्हता.

आमच्याकडं सासुरवाशीण आपल्या मनानं माहेरी जात नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आला की सासरच्यांनी त्याला गोडधोड घालायचं आणि पोरीची पाठवणी करायची. त्याला रिकाम्या हातानं परत लावणं म्हणजे त्याच्या घराचा अपमान. माझा थोरला भाऊ वैशाखात मुऱ्हाळी म्हणून आला, पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन. माझं गाठोडं बांधून तयार होतं. थोडे दिवस माहेरी राहायचं आणि तिथून पुण्याला, कॉलेजात.

"मामा, न्यायला आलोय," भाऊ म्हणाला. "कालेज सुरू व्हायच्या आत नाव घालाया पायजे म्हनत्यात आबा."

"नेणारच की," मामंजी म्हणाले. "पण शब्द उघडा आहे. आठ दिवसांत मिटेल. आठ दिवसांनी या."

भाऊ पुरणपोळी जेवला आणि गेला. आठ दिवसांनी आला. शब्द उघडाच. पुन्हा आठ दिवस. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती, त्याच्या घोंगडीतून पाणी निथळत होतं आणि कॉलेजं उघडली होती. मी आत चुलीशी उभी राहून फुंकणीनं उगीच फुंकत राहिले, डोळ्यांतलं पाणी धुराचं वाटावं म्हणून. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांचं कोण बघेल? थोडी कळ काढ." कळ काढ म्हणणं फार सोपं असतं, पुण्यात बसून.

दुसऱ्या वर्षी तेच. करवंदं आली, भाऊ आला, आठ दिवस आले. त्या खेपेला भाऊ जेवला नाही, ओट्यावरूनच वळला. आणि तिसऱ्या वर्षी वैशाखात कोणी आलंच नाही. मढच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप तेवढा आला, की मुऱ्हाळी पाठवून पाठवून आमची शोभा झाली, आता त्यांना वाटंल तवा धाडू द्या. इकडचं दार बंद होतंच, आता तिकडचंही लागलं. बाजारातून माणसं जायची यायची, चाचांच्या दुकानात कागद कापण्याचा आवाज यायचा, आणि मी आपली बसले आहे धुक्यावर आणि शेणावर. मामंजी वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी दिल्या असत्या. पण ते माझ्या आधी कधी जेवले नाहीत. माझा आवाज बसला तर ज्येष्ठमध मागवायचे. माझाच आवाज त्यांना लागायचा ना!

मामंजींना एक मुलगी, माझी नणंद. निमगाव सावाला दिलेली, मोठं बागायती घर. मामंजींचे डोळे गेले, माझ्या नवऱ्याला रजा मिळेना, त्यामुळं तिला आणायला कोणी गेलं नव्हतं आणि तिकडून कोणी पाठवलंही नव्हतं. त्या साली दिवाळी गेली, संक्रांत गेली, तशी मामंजींची चलबिचल सुरू झाली. वाचता वाचता मध्येच म्हणायचे, "काय माणसं आहेत! पोरीला बापाकडं पाठवू नये म्हणजे काय? दावणीला बांधलीय का?"

मी पुढची ओळ वाचायची. दात ओठ खाऊन वाचायची.

एक दिवस म्हणाले, "मीच जातो मुऱ्हाळी. तू चल माझ्याबरोबर, हात धरायला."

"शब्द उघडा आहे ना?" मी विचारलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असणार. आवाजावरच तर जगत होते.

त्यांनी हातानं परडीचा काठ चाचपला. "परडीवर फडकं टाक," म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या लेकीसाठी फडकं टाकून भागत होतं तर!

पहाटेच्या एस.टी.नं निघालो, नारायणगावला गाडी बदलली, पुढं फाट्यावर उतरून बैलगाडी केली. माघाची थंडी होती. शेतांवर धुकं पसरलं होतं आणि मळ्यांच्या कडेला शेणखताचे ढीग ओतून ठेवलेले होते. नुकतेच उपसलेले, त्यांतून वाफा निघत होत्या. मामंजींनी नाक वर केलं. "काय दिसतंय?"

मी रागात होते तरी डोळ्यांचं काम करायची सवय लागलेली. मी सांगितलं, "शेणखत टाकलंय. त्यातून वाफ निघतेय आणि धुक्यात मिसळतेय. वाफ कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं, समजत नाही."

मामंजींनी माझं मनगट गच्च धरलं. "काय म्हणालीस? परत सांग." मी परत सांगितलं. ते हसायला लागले, गाडीवानानं मागं वळून बघितलं. "अगं, हेच! हेच बघितलं असणार त्या लोकांनी! थंड मुलुख, सकाळचा उकिरडा! मूळ एकच! पुरावा नाही हा, पण निकालापुरतं पुरे. घरी गेलो की पहिलं हे लिहून घे. मिटला शब्द!"

मिटला. मी दोन्ही हातांनी गाडीच्या कडेचा दांडा धरला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं रस्त्यात शेणाच्या ढिगाजवळ मिळावं! माघ चालू होता, जूनला अवकाश होता, सगळं अजून जमण्यासारखं होतं. राग कुठल्या कुठं गेला. नणंदेच्या दारात मी हसतच उतरले.

त्यांनी आमचं चांगलं केलं. पाय धुवायला गरम पाणी, गुळाचा चहा, मग पाटावर बसवून पुरणपोळी. विहीणबाई स्वतः वाढत होत्या. जेवणं झाल्यावर मामंजींनी विषय काढला, "लेकीला न्यायला आलोय."

"न्या की, पावणं, तुमचीच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "न्हाई कोन म्हनतंय? पर आवंदा कांदा लई लावलाय. मान्सं मिळना. आठ दिसांनी या, लगेच धाडते."

मामंजींचा हात तांब्यावर होता तो तिथंच राहिला. "आठ दिवसांनी," ते हळूच म्हणाले.

"व्हय, आठ दिसांनी. सोताच्या लेकीवानी ठेवलीय, काळजी करू नगा."

खरंच बोलत होत्या त्या. घरात तिला मारझोड नव्हती, खायला कमी नव्हतं. नणंद शेतातून आली, हात मातीचे. बापाच्या पाया पडली. मामंजींनी चाचपडत तिच्या डोक्यावरचा पदर शोधला, मग हात शोधले आणि ते तळहात बोटांनी बराच वेळ चाचपले. "बरी आहेस?" "बरी आहे, आप्पा." सगळ्यांसमोर आणखी काय बोलणार? आमची गाडी निघाली तेव्हा ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. काखेत एक लुगड्याचं गाठोडं होतं. आम्ही येणार हा निरोप तिला कोणीतरी दिला असणार.

गाडी गावाबाहेर आली. धुकं विरलं होतं, ऊन लागत होतं. मामंजी आपलीच बोटं एकमेकांवर घासत होते. मग म्हणाले, "सूनबाई, कशी दिसत होती गं ती?"

बरी दिसत होती, असं म्हणता आलं असतं. तेच म्हणायचं असतं.

"माझ्यासारखी," मी म्हटलं.

"तुला मी कुठं पाहिलंय?"

"तेच म्हणतेय मी, मामंजी." आणि मग माझा बांध फुटला. "ओठ घट्ट मिटलेले. डोळे दाराकडं. कोणी आलं की आधी बघायचं, आपल्याला नेतोय का. गाठोडं बांधायचं आणि परत सोडायचं. लुगड्यांच्या घड्या मोडतच नाहीत मग. अशी दिसत होती. तुम्ही तिचे हात चाचपत होतात तेव्हाही अशीच, आणि माझा भाऊ तुमच्याकडं जेवत होता तेव्हा मीही अशीच." गाडीवान बैलांना उगीच हाकलत राहिला. मी पदरात तोंड खुपसून हुंदके देत होते. लाज वाटत नव्हती, काही वाटत नव्हतं. मामंजींनी हात पुढं केला, तो माझ्यापर्यंत आला नाही, गाडीच्या दांड्यावरच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून मी परडी काढली, टाक घेतला, चिठ्ठ्या पुढ्यात मांडल्या. "सांगा मामंजी. वाफेचं लिहायचंय ना?"

"राहू दे."

"मिटवायचा नाही?"

"उघडाच राहू दे तो. मढची गाडी कधी असते?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मढला आता काय आहे? तर म्हणाले, "मुऱ्हाळी येणार नाही म्हणून निरोप आलाय ना? मग पोचवायला नको का? गाठोडं बांध."

सासरा सुनेला माहेरी पोचवायला जातो, असं आमच्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. त्यात पोचवणाऱ्याचाच हात धरून मी त्याला नेत होते. गाडीतल्या बायका माना वळवून बघत होत्या. माझे वडील ओट्यावर बसले होते, आम्हाला बघून धडपडत उठले. भाऊ गोठ्यातून आला आणि दारातच थबकला, हातपाय शेणानं भरलेले. मामंजी अंगणात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मास्तर, तुमच्या पोराला मी दारातून परत लावलं, एकदा नाही, किती वेळा," ते म्हणाले. "पोर आणून दिलीय. जूनला तिला पुण्यात कॉलेजात घाला. मुलाला मी सांगतो."

वडील गडबडले. "अहो, तुमचं काम... तुम्हाला वाचून कोण..."

"माझी मला आणता आली नाही," मामंजी म्हणाले. "ही तरी घरी पोचू दे."

त्या दिवशी ते आमच्याकडं राहिले. आईनं तांदळाच्या भाकरी केल्या, भावानं त्यांना अंघोळीला पाणी काढून दिलं. सकाळी भाऊच त्यांना जुन्नरपर्यंत सोडायला निघाला. मी गाडीपर्यंत गेले. मामंजी खिडकीशी बसले होते, तोंड भलतीकडंच वळलेलं. परडीतल्या चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या, आणि त्यांच्यापुढं बसलेले मामंजी, वाचायला कोणी नाही. ज्या माणसाचा इतकी वर्षं राग केला त्याच्यासाठी माझा जीव कासावीस झाला.

मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "मामंजी, कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे. मी आठ दिवसांनी येते, तेवढा शब्द आपण..."

आवाजाच्या दिशेनं त्यांनी तोंड वळवलं.

"नको," ते म्हणाले. "आठ दिवस म्हणू नकोस."

कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी निघाली.